पंपावरचा गॅलन

रत्नागिरीजवळच्या एका बंदरावर एक म्हातारा मिस्त्री राहतो. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी मस्कतमधल्या मोटरसायकलींच्या एका एजन्सीने त्याला निष्काळजी ठरवून परत पाठवलं. तो ठपका खोटा होता आणि तो मी लिहिला होता. बाकी सगळं यानंतर सांगतो, कारण मला ओळखणारे लोक माझ्या गोष्टी सुरुवातीपासूनच हसत ऐकतात. इथल्या, मस्कतच्या मराठी मंडळाच्या कोजागिरीला, इब्राच्या सहलीला, कुणाच्या गॅलरीत चहा पिताना मी या स्पॅनिश मोटरसायकलींच्या गोष्टी इतक्या वेळा सांगितल्या आहेत की लोक मला ‘स्पॅनिश काका’ म्हणतात. त्या गोष्टींमध्ये मिस्त्री कधीच नसायचा.

गेल्या जानेवारीत स्पेनहून एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. त्या मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीचा त्या इतिहास लिहीत होत्या. जुन्या गाड्या जमवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी आमच्या मस्कतमधल्या रुवी भागातल्या दुकानाचा फोटो टाकला होता, त्यावरून त्यांनी मला शोधलं. त्या काळचा ओमानमधला माणूस म्हणून आता मीच उरलो आहे असा त्यांचा समज होता. मस्कतमध्येच अझैब्यात आमच्या घरी त्या दोनदा आल्या. सुनेने पहिल्या दिवशी साबुदाण्याचे वडे केले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केले, कारण बाईंनी पहिल्या दिवशी सहा खाल्ले होते.

कंपनीचा जन्म मला त्यांच्याकडूनच नीट कळला. बार्सिलोनाच्या बाहेर एक बंद पडलेली सूतगिरणी होती. त्यांचं यादवी युद्ध संपल्यावर लोखंड नाही, पेट्रोल नाही, अशा दिवसांत दोन मेहुण्यांनी तिच्या एका शेडमध्ये शेतीच्या पंपांची छोटी इंजिनं बनवायला घेतली. उरलेलं एक इंजिन गंमत म्हणून सायकलच्या सांगाड्यावर बसवलं. त्या सायकलवरून धाकटा मेहुणा डोंगरातल्या एका चर्चपर्यंत चढून गेला आणि खाली उतरल्यावर पंप बंद करायचे असं दोघांनी ठरवलं. पुढची तीस वर्षं त्यांनी डोंगरात, दगडांवर, ओढ्यांच्या पात्रात चालणाऱ्या हलक्या मोटरसायकली बनवल्या. शर्यती जिंकल्या. त्यांच्याकडे कामाला असणं ही त्या गावात मुलगी द्यायला पुरेशी गोष्ट होती, असं बाई म्हणाल्या. त्यांचे वडील तिथे रंगकामाला होते.

आम्ही त्यांच्याकडे पोचलो तेव्हा ती कंपनी बुडायला लागली होती. परदेशी गाड्यांवरची बंदी उठली होती, जपानी गाड्या येत होत्या, कामगार रस्त्यावर होते. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आमच्या अर्बाबने, म्हणजे एजन्सीच्या ओमानी मालकाने, युरोपातल्या एका प्रदर्शनात ती लाल गाडी दगडांच्या ढिगावर चढताना पाहिली आणि चोवीस गाड्यांची ऑर्डर देऊन आला. तेव्हा इथे डांबरी रस्ते मोजके होते. खेड्यांत जायचं म्हणजे ‘वाडी’तून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून जायचं. एका सरकारी खात्याची डासांवरच्या फवारणीची माणसं गावोगावी फिरायची, त्यांच्यासाठी या गाड्या गेल्या.

मी पुण्याचा, फिजिक्सचा पदवीधर. एजन्सीत ‘टेक्निकल’ असं काही लिहिलेलं माझं पद होतं. खरं तर माझं काम पत्रव्यवहाराचं. गाड्या उघडायचा, जोडायचा, तो मिस्त्री. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा. मुंबईच्या गोदीत लाँचच्या इंजिनांवर काम करून आलेला. शाळा चौथीपर्यंत. तो मला साहेब म्हणायचा आणि मी त्याला मिस्त्री म्हणायचो. दुपारी आम्ही एकाच स्टोव्हवर जेवण गरम करायचो. त्याच्या घरचे सुके बोंबील मला चालत नव्हते आणि माझी मेथीची भाजी बघून तो म्हणायचा, बकरीचं जेवण झालं का साहेब. आमचं एवढं बरं होतं.

या गाड्यांना इंजिनसाठी वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून टाकीत घालायचं. ते कमी पडलं तर आतला पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरमध्ये पकडला जातो. इंजिन जागच्या जागी थांबतं, मागचं चाक लॉक होतं आणि वर बसलेला माणूस फेकला जातो. कंपनीच्या पुस्तकात लिटरमागे पन्नास मिली ऑइल असं लिहिलं होतं, आणि उष्ण देशांसाठी खाली रेघ मारून लिहिलं होतं की यापेक्षा थेंबभरही कमी नको.

पण इथे ओमानमध्ये तेव्हा पेट्रोल गॅलनवर मिळायचं. मी भारतातून आलेला, सगळा जन्म लिटरमध्ये गेलेला. गॅलन म्हणजे किती, हे मला बघायला लागलं. माझ्या टेबलावर एका अमेरिकन ड्रिलिंग कंपनीने नवीन वर्षाला दिलेली डायरी होती. जाड पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची. अशा डायऱ्यांसाठी आम्ही भारतीय कारकून भांडायचो. तिच्या शेवटच्या पानावर मापांचं कोष्टक होतं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरच्या किंचित वर. मी गुणाकार केला. एकशे नव्वद मिली आलं. फवारणीच्या माणसांना मिली कळणार नाही म्हणून मी आमच्या चहाच्या काचेच्या पेल्याने मापलं. काठोकाठ पेला नव्वद मिली भरत होता. दोन पेले म्हणजे एकशे ऐंशी. दहाने काय फरक पडतो! मी कागदावर एक पंप आणि दोन पेल्यांचं चित्र काढलं, अरबीत आणि उर्दूत लिहून घेतलं आणि चोवीस टाक्यांवर चोवीस कागद चिकटवायला लावले. अर्बाबने मला शाबासकी दिली. असं चित्र स्पेनमधल्या कुणालाही सुचलं नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

मिस्त्रीने कागद चिकटवले. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलापाशी आला. हातात ऑइलचा पाच लिटरचा रिकामा डबा होता. तो डबा घेऊन तो पंपावर गेला होता आणि एक गॅलन पेट्रोल त्यात भरून आणलं होतं. मापायची त्याची सवय गोदीतली. कागदावर काय लिहिलंय त्यावर त्याचा विश्वास नसायचा, भांड्यात काय आलं त्यावर असायचा. डबा त्याने माझ्या फायलींवर ठेवला. तो जवळजवळ भरला होता.

“साहेब, पंपावरचा गॅलन मोठा हाय,” तो म्हणाला. “साडेचार लिटर येताय. तुमचा कागद बारक्या गॅलनचा हाय.”

मी डब्याकडे पाहिलं. पेट्रोलचा वास येत होता आणि खाली माझी सोनेरी कडांची डायरी ओली होत होती. मी म्हणालो, डबा उचल आधी. त्याने उचलला. मग तो म्हणाला की दुसरी गोष्ट, चहाचा पेला कुणी काठोकाठ भरत नाही, ही माणसं भरतील तो बोटभर कमीच. मी त्याला विचारलं, मिस्त्री, तुम्ही किती शिकलात?

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. आवाज चढवून नाही, हसत विचारलं होतं. स्टोअरमधला मल्याळी कारकूनही हसला. मिस्त्रीने डबा नेला आणि त्यातलं पेट्रोल स्वतःच्या हाताने दुकानाच्या पिकअपमध्ये ओतलं.

त्या संध्याकाळी मी बसून गणित पुन्हा केलं. ब्रिटिश गॅलन वेगळा आणि अमेरिकन वेगळा, हे मला शाळेत शिकवलं होतं. ते मला आठवलं. इथे सगळी मापं ब्रिटिशांची, पंपावरचा गॅलन त्यांचाच असणार, हेही उघड होतं. म्हणजे मला त्या दिवशीच कळलं होतं. कुणाला वाटेल तसं मी अडाणीपणाने चुकलो नाही. मला कळलं आणि चोवीस कागद काढून नवे लावायचे तर अर्बाबला काय सांगायचं, या विचारात मी आठवडा घालवला. मग दुसरा घालवला. गाड्या गावोगावी निघून गेल्या. उन्हाळा लागला.

पहिली गाडी सूर शहराच्या अलीकडे बंद पडली. दुसरी कुठेशी वाळूत पडली, माणसाला खरचटलं. तिसरीचं इंजिन इब्राच्या वाटेवर भरधाव असताना पकडलं गेलं. चालवणारा फवारणीचा ओमानी माणूस दगडांवर आपटला. त्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही. मी त्याला इस्पितळात बघायला गेलो होतो. त्याने मला खजूर दिले आणि गाडीला जास्त लागलं का असं विचारलं.

कंपनीने तिन्ही पिस्टन मागवून घेतले आणि उत्तर पाठवलं की ऑइल कमी पडलं आहे, मिश्रण कोण आणि कसं करतं त्याचा अहवाल पाठवा. खात्यानेही विचारलं. अर्बाबने मला आत बोलावलं. कागदावर बोट ठेवून, चित्र बरोबर आहे ना, एवढंच त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मग कागद बरोबर असेल तर चूक कुणाची, असं त्याने विचारलं, आणि मी अहवाल लिहायला बसलो. दीड पान टाइप केलं. मिस्त्रीला अशा इंजिनांचा अनुभव नाही, तो मापाच्या बाबतीत स्वतःच्या कल्पना चालवतो, लिहिलेल्या सूचनांवर त्याचा विश्वास नसतो. शेवटची दोन वाक्यं खरीच होती. त्यामुळे लिहिताना हात अडला नाही.

अर्बाब वाईट माणूस नव्हता. त्याने मिस्त्रीला समोर बसवून कहवा दिला आणि मग खलास म्हणाला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तो डब्याचं बोलेल. तो बोलला, हिंदीत, तुटक. गॅलन, साडेचार, डबा. अर्बाबने मला विचारलं, हा काय म्हणतो? मी म्हणालो, तेच, स्वतःच्या कल्पना.

तो गेल्यावर मी गुपचूप सगळे कागद बदलले. दोनाच्या जागी तीन पेले. त्यानंतर एकाही गाडीचं इंजिन पकडलं गेलं नाही. नव्या मिस्त्रीचा हात चांगला आहे, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली, बायकोला व्हिसा मिळाला, मुलगा इथेच जन्मला. तिकडे स्पेनमध्ये कारखान्याला कुलूप लागलं. आमच्या चोवीस गाड्यांनी त्यांना तारलंही नसतं आणि बुडवलंही नाही.

तर जानेवारीत त्या बाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फाइल उघडली. कारखाना विकला गेला तेव्हा कुणीतरी पत्रव्यवहाराची खोकी वाचवली होती. त्यात माझा अहवाल होता. दीड पान, माझी सही. त्यावरून त्यांनी पुस्तकात ओमानचा एक परिच्छेद लिहिला होता आणि तो मला इंग्रजीत वाचून दाखवला. वाळवंटातल्या एका चांगल्या प्रयोगाचं एका अडाणी भारतीय मेकॅनिकच्या हट्टामुळे नुकसान झालं, असा त्याचा मथितार्थ. पुढे, अनुभवी तंत्रज्ञाने चित्रांच्या साहाय्याने परिस्थिती सावरली. तो तंत्रज्ञ म्हणजे मी.

त्यांनी विचारलं, हे बरोबर आहे ना?

सून वडे आणत होती. दहावीतली नात मोबाईल बाजूला ठेवून ऐकत होती, जे ती कधी करत नाही. मुलगा त्या दिवशी मुद्दाम लवकर आला होता. मी पंचाहत्तरी ओलांडलेली, पेन्शन नाही, नोकरी नाही, आता मला कुणी परत पाठवणार नव्हतं. अर्बाब वारला त्याला वीस वर्षं होऊन गेली. मी म्हणालो, बरोबर आहे. आणि वर, बिचाऱ्याचा दोष नव्हता, शिक्षण कमी होतं, असंही म्हणालो. बाईंनी ते उदार वाक्य लिहून घेतलं.

त्या गेल्यावर नातीने विचारलं, “आजोबा, त्या मेकॅनिकचं देन काय झालं?”

मी म्हणालो, गेला घरी. ती म्हणाली, “हो, पण मग काय झालं?” तिचं मराठी एवढंच आहे, तिला प्रश्न फिरवून विचारता येत नाहीत. मला काहीच माहीत नव्हतं. मी कधी चौकशी केली नव्हती, आणि ते मी नातीसमोर कबूल केलं. ती म्हणाली, तुम्हाला सगळ्यांचं माहिती असतं. आणि परत मोबाईल घेतला.

रत्नागिरीकडची माणसं मस्कतला सगळीकडे आहेत. मी मत्राच्या बाजारात एका कापडवाल्याला विचारलं, त्याने आणखी कुणाला. चार दिवसांत नंबर आला. विचारायला एवढा वेळ लागतो.

फोन त्याच्या मुलीने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर ती शांतपणे बोलत राहिली. परत आल्यावर त्याला पुन्हा व्हिसा मिळाला नाही. कुठे अर्ज केला की मस्कतहून का काढलं, हा प्रश्न यायचा. बंदरावर मच्छीमारांच्या लाँचची इंजिनं दुरुस्त करून त्याने घर चालवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तेच सांगायचा की पंपावरचा गॅलन मोठा होता. लग्नात, मयतीत, चहाच्या टपरीवर. सुरुवातीला लोक ऐकायचे. मग हसायला लागले. आखातातून हाकललेले सगळेच काही ना काही सांगतात. “शाळेत आम्हाला गॅलनवाल्याची पोरं म्हणायचे,” ती म्हणाली. “माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर कुणीतरी पेनने लिहिलं होतं, गॅलनवाले यांची कन्या. खरं सांगू? आम्हालाही वाटायचं, अब्बांची चूक झाली असणार. कंपनी कशाला खोटं लिहील?”

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. ती म्हणाली, थांबा, त्यांना कानाला लावते, मोठ्याने बोला.

मला मोठ्याने बोलावं लागलं. घरात सून आणि नात होत्या. मी ओरडून म्हणालो की मिस्त्री, गॅलन साडेचार लिटरचाच होता, तुमचं बरोबर होतं, मला त्याच दिवशी कळलं होतं. दोनदा ओरडावं लागलं. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

पलीकडे खोकला ऐकू आला. मग तोच आवाज, फक्त पातळ झालेला.

“मना म्हाईत हाय साडेचार होता,” तो म्हणाला. “मना कशाला सांगताव? ह्या हिकडच्यांना सांगा.”

मी म्हणालो, पुस्तक होतंय, त्यात दुरुस्त करायला सांगतो. कुठल्या भाषेत, त्याने विचारलं. स्पॅनिश, मी म्हणालो. त्यावर तो हसला, किंवा खोकला. हिकडं बंदरावर स्पॅनिश कोण वाचताय, म्हणाला. मराठीत लिहा. मी माफी मागायला लागलो तर त्याने फोन मुलीकडे दिला.

त्याच रात्री मी स्पेनला मेल पाठवली. सगळं लिहिलं. डायरी, डबा, पेले, अहवाल, आणि जानेवारीत मी पुन्हा खोटं बोललो तेही. बाईंचं उत्तर दहा दिवसांनी आलं, सभ्य आणि थंड. एकाच साक्षीदाराची दोन परस्परविरोधी विधानं असल्यामुळे आणि पडताळा घेण्याचा दुसरा मार्ग नसल्यामुळे संपादकांशी बोलून ओमानचा परिच्छेदच काढून टाकला आहे. सुनेला नमस्कार कळवला होता.

त्यांची चूक नाही. त्यांच्या जागी मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. पण याचा अर्थ असा, की त्या कंपनीच्या इतिहासात मिस्त्री दोषी नाही आणि निर्दोषही नाही. तो नाहीच. मी मात्र एका तळटीपेत आहे, फोटो दिल्याबद्दल आभार म्हणून. पुस्तक आलं आहे. मुलाने कौतुकाने मागवलं. मी त्याला खरं काय ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, आता या वयात कशाला. सुनेने ते पुस्तक दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवलं होतं, ते दुसऱ्या दिवशी तिथे नव्हतं. मंडळात मी गोष्टी सांगणं बंद केलं आहे. काकांची तब्येत बरी नसते, असं लोक समजतात.

म्हणून हे मराठीत. लिहून झाल्यावर मी ते फोनवर मिस्त्रीच्या मुलीला वाचून दाखवलं आणि विचारलं, नाव घालू ना अब्बांचं? पूर्ण नाव, गावासकट? तिने त्याला विचारलं. बराच वेळ पलीकडे दोघांचं बोलणं चाललं. मग ती म्हणाली, अब्बा नको म्हणतायत. नाव घातलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने लिहून घेतलं. नाव नसेल तरी बंदरावर कळेलच कोण ते. गॅलन लिहिलाय ना, तेवढं बस, असं म्हणाले.

त्यामुळे यात कुणाचंच नाव नाही. माझंही नाही, आणि ते मला सोयीचं झालं आहे, हेही मला कळतं. एखाद्या मासिकात छापून आलं की त्याचे दहा अंक त्या बंदरावर पाठवायचे आहेत. चहाच्या टपरीवर एक ठेवा, असं मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, टपरीवाला कधीच गेला. त्याच्याबरोबरचेही गेले. हसणारे आता कुणी फारसे उरले नाहीत.

तरीही लिहून ठेवतो. त्या पंपावरचा गॅलन साडेचार लिटरचा होता. मिस्त्रीने तो डब्यात मापून माझ्या टेबलावर आणून ठेवला होता.